पूररेषेमागचे गणित कुणाला पाहता येते?

नदीकाठासाठी पूररेषा जाहीर होते तेव्हा नकाशावर केवळ एक निळी रेघ दिसते. त्या रेघेच्या आत आलेल्या जमिनीवर बांधकामाला निर्बंध येतात, विम्याचा हप्ता वाढू शकतो, जमिनीची किंमत उतरू शकते; रेघेबाहेर, अवघ्या दहा पावलांवर, यातले काहीच होत नाही. ही रेघ कुणी अंदाजाने काढलेली नसते. जमिनीच्या उंचीची आकडेवारी, नदीतून वाहू शकणाऱ्या पाण्याचा अंदाज आणि ते पाणी कुठवर पसरेल हे सांगणारी समीकरणे संगणकात घातली जातात आणि त्यातून ती तयार होते. रेघेच्या आत ज्याचे घर आहे त्याने विचारले की ही रेघ नेमकी इथेच का, तर "सॉफ्टवेअरने काढली" एवढे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या सूत्राने काढली, कोणती माहिती वापरून काढली आणि तीच माहिती घेऊन दुसऱ्या कुणी काढली तर हीच रेघ येईल का, हे त्याला कळायला हवे.

मुक्त स्रोत भूस्थानिक सॉफ्टवेअरचा, म्हणजे नकाशे आणि जागेशी जोडलेली माहिती हाताळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की ते फुकट मिळते, हे सर्वांत आधी सांगितले जाते. माझ्या मते ही त्याची सर्वांत कमी महत्त्वाची बाजू आहे. शासनाच्या आणि हवामान विज्ञानाच्या दृष्टीने त्याचे खरे मोल असे की, निष्कर्षापर्यंत नेणारी प्रत्येक पायरी कुणालाही वाचता येते आणि पुन्हा करून पाहता येते.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा लेखी मजकूर. बहुतेक विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ग्राहकाला दिला जात नाही. त्याला फक्त चालणारे यंत्र मिळते. मुक्त स्रोत परवान्याखालील सॉफ्टवेअर कुणालाही वापरता येते, त्याचा कोड वाचता येतो, त्यात बदल करता येतात आणि बदललेली प्रत इतरांना देता येते. इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. सॉफ्टवेअर मुक्त असले म्हणजे त्यात घातलेली माहितीही जाहीर करावी लागते, असे नाही. एखादे खाते अत्यंत गोपनीय नकाशे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःच्या बंद जाळ्यात, निर्धास्तपणे हाताळू शकते, कारण परवाना सॉफ्टवेअरबद्दल बोलतो, आपल्या माहितीबद्दल नाही.

कोड वाचता येण्याने काय साधते, हे एका लहानशा उदाहरणावरून स्पष्ट होईल. संगणकात जमिनीची उंची चौकोनी जाळीच्या रूपात साठवलेली असते. प्रत्येक चौकोनात एक आकडा असतो आणि तो त्या जागेची उंची सांगतो. दरडीचा धोका ठरवायचा असो की पाण्याचा वेग, आधी उतार काढावा लागतो. उतार म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असते. परंतु एका चौकोनाचा उतार त्याच्या शेजारच्या चौकोनांवरून कसा काढायचा, याची एकाहून अधिक सूत्रे आहेत. हॉर्न यांनी १९८१ मध्ये मांडलेले सूत्र भोवतालचे आठही चौकोन विचारात घेते. झेव्हनबर्गन आणि थॉर्न यांचे १९८७ चे सूत्र केवळ वरचा, खालचा, डावा आणि उजवा असे चारच चौकोन घेते. पहिले खडबडीत जमिनीवर अधिक स्थिर उत्तर देते, दुसरे गुळगुळीत चढउतारांवर चांगले चालते, आणि एकाच डोंगरावर दोघांची उत्तरे थोडी वेगळी येतात. "तीस अंशांहून अधिक उताराच्या जागी बांधकाम नको" असा नियम असेल, तर काही भूखंड एका सूत्राने नियमात बसतात आणि दुसऱ्याने बसत नाहीत. जीडॅल नावाच्या मुक्त संचात ही दोन्ही सूत्रे आहेत, कोणते वापरायचे ते आपण सांगू शकतो, आणि काहीच सांगितले नाही तर हॉर्न यांचे वापरले जाते, हेही उघड लिहिलेले आहे. बंद सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतही सूत्राचे नाव दिलेले असू शकते, पण पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच आत घडते का, हे पडताळण्याचा थेट मार्ग ग्राहकाकडे नसतो.

या सॉफ्टवेअरचा जन्म हौशी मंडळींच्या घरात झाला असेल, असे अनेकांना वाटते. वास्तविक त्याची एक ठळक सुरुवात सरकारी गरजेतून झाली. अमेरिकेत १९७० मध्ये राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा अमलात आला आणि सरकारी खात्यांना आपल्या कामांचा पर्यावरणावर होणारा परिणाम तपासणे बंधनकारक झाले. सैन्याच्या ताब्यात सरावासाठी प्रचंड जमिनी होत्या. तिथली माती, झाडोरा आणि पाणी यांची नोंद ठेवून निर्णय घ्यायला योग्य साधन बाजारात मिळेना. म्हणून सैन्याच्या बांधकाम अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेने, इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथे, १९८२ च्या सुमारास ग्रास ही नकाशांची संगणक प्रणाली लिहायला घेतली. अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीत असताना केलेल्या कामावर त्या देशात स्वामित्व हक्क लागत नाही, त्यामुळे ती सर्वांसाठी खुली राहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यात प्रयोगशाळेने हे काम थांबवले. एखाद्या कंपनीने उत्पादन बंद केले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. इथे मात्र कोड लोकांच्या हातात होता. जर्मनीतील मार्कुस नेटेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे नेला, १९९९ मध्ये त्याला जीपीएल हा, बदललेल्या प्रतीही मुक्तच वाटायला लावणारा, परवाना लावला, आणि ग्रास आजही वापरात आहे. दहा-वीस नव्हे, शंभर वर्षांच्या नोंदी सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या शासनासाठी या घटनेचा अर्थ मोठा आहे.

पुढे एकेक साधन येत गेले. मिनेसोटा विद्यापीठात मॅपसर्व्हर तयार झाला, त्याने नकाशे महाजालावर दाखवायची सोय केली. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये जीडॅलचे काम सुरू केले. कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने २००१ मध्ये पोस्टजीआयएस आणले. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएसची सुरुवात केली. २००६ मध्ये या प्रकल्पांना आधार देणारी ओएसजिओ ही संस्था स्थापन झाली.

ही नावे वेगवेगळी असली, तरी एखाद्या कार्यालयात ती एका साखळीसारखी काम करतात. जीडॅल हा दुभाष्या आहे: उपग्रहाच्या प्रतिमा, सर्वेक्षणाच्या फाइली, जुने नकाशे अशा दोनशेहून अधिक स्वरूपांतील माहिती तो वाचतो आणि एका स्वरूपातून दुसऱ्यात नेतो. त्याचा परवाना इतका सैल आहे की खासगी कंपन्यांची सॉफ्टवेअरेही, गूगल अर्थसकट, त्याचा उपयोग करतात. पोस्टजीआयएस हे कोठार आहे. त्यात केवळ तक्ते राहत नाहीत, तर रेषा, बिंदू आणि क्षेत्रे राहतात, आणि "पूररेषेपासून पाचशे मीटरच्या आत कोणत्या शाळा आहेत" असा प्रश्न त्याला चार ओळींत विचारता येतो. या चार ओळी म्हणजे साधा मजकूर असतो, तो अहवालाच्या परिशिष्टात छापता येतो, आणि म्हणूनच त्यांचे महत्त्व. क्यूजीआयएस हा टेबलावरचा नकाशा, जिथे माणूस पाहतो, दुरुस्त करतो, रंग भरतो. जिओसर्व्हर किंवा मॅपसर्व्हर तयार नकाशा लोकांपर्यंत पोहोचवतात. या सर्वांना एकमेकांशी बोलता येते, कारण १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओजीसी या संघटनेने ठरवलेली खुली मानके ती पाळतात. त्यामुळे साखळीतील एखादी कडी विकत घेतलेली आणि बाकीच्या मुक्त, अशी मिश्र व्यवस्थाही चालते. व्यवहारात बऱ्याच खात्यांत तीच आढळते आणि त्यात काही गैर नाही.

माहितीच्या फाइलींचे स्वरूप हा रुक्ष वाटणारा, पण दूरवर परिणाम करणारा भाग आहे. शेपफाइल हे जुने स्वरूप अजूनही सर्वत्र दिसते. त्यात एका फाइलला दोन गिगाबाइटची मर्यादा आहे आणि रकान्याचे नाव दहा बाइटांपुरतेच असते. देवनागरीचे एक चिन्ह सर्वसाधारण वापरातील यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे मराठीत रकान्याला नाव द्यायचे तर तीन चिन्हांत द्यावे लागते. काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात. २०१४ मध्ये मानक झालेल्या जिओपॅकेजला या अडचणी नाहीत, आणि ते एसक्यूलाइट या माहिती साठवण्याच्या खुल्या स्वरूपावर उभारलेले असल्यामुळे कोणतेही एकच सॉफ्टवेअर हाताशी असण्याची गरज राहत नाही.

नकाशाच्या गणितातला सर्वांत फसवा भाग म्हणजे जागेचा पत्ता. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, त्यामुळे प्रत्येक नकाशात काहीतरी ताणले जाते. महाजालावरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीच्या एका रूपात असतात आणि त्यांत ६० अंश अक्षांशावरची जमीन प्रत्यक्षाच्या चौपट क्षेत्रफळाची दिसते. त्या नकाशावर मोजून जंगलाचे हेक्टर सांगितले तर उत्तर साफ चुकते. याहून सूक्ष्म प्रश्न असा की, जमीन स्वतःच हलते. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. तिथल्या नकाशांचा जुना संदर्भ, म्हणजे स्थाने मोजण्याची चौकट, १९९४ च्या स्थितीला बांधलेला होता. २०२० पर्यंत तो उपग्रहांनी सांगितलेल्या स्थानापासून सुमारे १.८ मीटर दूर गेला, म्हणून त्या देशाने नवा संदर्भ स्वीकारला. हद्दीच्या वादात किंवा स्वयंचलित यंत्रांच्या वापरात १.८ मीटर ही किरकोळ चूक नव्हे. अशी रूपांतरे करणारे प्रोज हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील जेराल्ड एव्हेंडन यांच्या कामातून १९८० च्या दशकात पुढे आले होते, आणि काळानुसार बदलणारे अचूक संदर्भ हाताळण्यासाठी ते अपुरे पडू लागले. २०१८ मध्ये अनेक संस्थांनी मिळून निधी उभारला, प्रोज आणि जीडॅल यांचा हा भाग नव्याने लिहून घेतला, आणि ती सुधारणा सर्वांना उपलब्ध झाली. वर्गणी काढून गावाची विहीर बांधावी तसे हे काम झाले.

सॉफ्टवेअर खुले असून माहिती बंद असेल तर विज्ञान पुढे सरकत नाही, याचा धडा अमेरिकेच्या लँडसॅट या उपग्रहमालिकेने दिला. या मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला गेला. अनेक वर्षे त्याच्या प्रतिमा विकत घ्याव्या लागत, त्यामुळे संशोधक मोजक्याच प्रतिमा घेत आणि दोन तारखांची तुलना करून थांबत. २००८ मध्ये अमेरिकेने सारा संग्रह विनामूल्य करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर प्रश्नच बदलले. एका जागेची एक प्रतिमा घेण्याऐवजी त्या जागेच्या शेकडो प्रतिमा, काळाच्या क्रमाने, एकत्र वाचता येऊ लागल्या. ऑस्ट्रेलियात २०११ च्या पुरांनंतर तिथल्या भूविज्ञान संस्थेने लँडसॅटच्या १९८० च्या दशकापासूनच्या प्रतिमा एकत्र रचल्या आणि संपूर्ण खंडातील प्रत्येक चौकोनासाठी एक साधा प्रश्न विचारला: स्वच्छ दिसलेल्या किती दिवशी इथे पाणी होते? उत्तर टक्केवारीत येते. कायमचा तलाव शंभराच्या जवळ असतो, पूर कधीतरीच शिरणारी सखल जमीन एक-दोन टक्क्यांवर. त्या विरळ निळ्या छटांमध्येच पुराचा इतिहास असतो. या रचनेतून पुढे ओपन डेटा क्यूब हा मुक्त प्रकल्प उभा राहिला आणि त्याच पायावर आफ्रिका खंडासाठीही अशी व्यवस्था झाली. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची माहितीही खुली आहे. सेंटिनेल-२ ची जोडी दहा मीटरच्या चौकोनांत साधारण पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहते, तर सेंटिनेल-१ रडारने ढगांखालची जमीन पाहतो, आणि पुराच्या वेळी हेच सर्वाधिक उपयोगी पडते.

आपत्तीच्या तयारीत याचा थेट उपयोग इंडोनेशियाने करून दाखवला. तिथल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या आणि जागतिक बँकेच्या साह्याने क्यूजीआयएसला जोडता येणारे इनासेफ हे साधन तयार केले. पुराची किंवा भूकंपाची संभाव्य व्याप्ती एका थरात, घरे, रस्ते आणि लोकसंख्या दुसऱ्या थरात, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून किती लोक बाधित होतील, किती इमारती पाण्यात जातील याचा अंदाज. घरे आणि रस्ते यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशाचा आधार घेता येतो.

हवामान विज्ञानात पडताळणीचा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तिथले निष्कर्ष साऱ्या जगाच्या धोरणांना आणि खर्चांना स्पर्श करतात. नासाची गोडार्ड संस्था जगभरच्या तापमापकांच्या नोंदींवरून पृथ्वीच्या तापमानातील बदल काढते. २००७ मध्ये कॅनडाचे स्टीव्हन मॅकिन्टायर यांना अमेरिकेतील केंद्रांच्या आकड्यांत २००० साली विचित्र उडी दिसली. त्या वर्षापासून माहितीचा स्रोत बदलला होता आणि दोन स्रोतांतील फरक जुळवून घेतला गेला नव्हता. संस्थेने चूक मान्य करून दुरुस्त केली. अमेरिकेच्या त्या पुढच्या वर्षांच्या सरासरीत सुमारे ०.१५ अंशाचा फरक पडला, जागतिक सरासरीवर मात्र नगण्य परिणाम झाला. परंतु ही चूक शोधणाऱ्याला कोड उपलब्ध नव्हता, त्याला आकड्यांवरून मागे जात अंदाज बांधावा लागला, आणि त्यामुळे साऱ्या वादाला संशयाचा रंग चढला. काही आठवड्यांतच संस्थेने कोड प्रसिद्ध केला. तो जुना, अनेक हातांनी लिहिलेला, बराचसा फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतला होता. मग निक बार्न्स आणि डेव्हिड जोन्स यांनी स्वयंसेवकांसह तो सारा पायथन भाषेत, वाचायला सोपा जाईल असा, नव्याने लिहिला. या कामात काही बारीक चुका सापडल्या, त्या संस्थेला कळवल्या गेल्या, आणि तापमानवाढीचे चित्र जसेच्या तसे राहिले. नंतर संस्थेने स्वतःही पायथनमधली आवृत्ती स्वीकारली. मला हा प्रसंग मोलाचा वाटतो. कोड उघड केल्याने विज्ञान कमकुवत झाले नाही. त्याच्यावरचा विश्वास परक्या हातांनी पुन्हा मिळवून दिला.

या क्षेत्रातली चूक किती सहज होऊ शकते, हे जागतिक सरासरीच्या गणितात दिसते. हवामानाची माहिती बहुधा अक्षांश-रेखांशांच्या जाळीत येते. एक अंश बाय एक अंशाचा चौकोन विषुववृत्तावर साधारण १११ किलोमीटर लांब-रुंद असतो. ६० अंशांवर त्याचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि ८० अंशांवर सुमारे सतरा टक्के उरते, कारण रेखांश ध्रुवाकडे एकत्र येतात. सगळ्या चौकोनांची सरळ सरासरी काढली तर ध्रुवाजवळच्या चिमुकल्या चौकोनांना विषुववृत्तावरच्या मोठ्या चौकोनांइतकेच वजन मिळते. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापत असल्यामुळे अशा सरासरीत तापमानवाढ खऱ्यापेक्षा जास्त येते. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामान संस्थेत तयार झालेले सीडीओ हे साधन क्षेत्राची सरासरी काढताना हे वजन आपोआप देते. पायथनमधले एक्सअॅरे साधी सरासरी मागितली तर साधीच देते, वजन आपण सांगावे लागते. दोन्ही वर्तने आपापल्या जागी योग्य आहेत, दोन्ही लिहून ठेवलेली आहेत. निकाल तपासणाऱ्याला मात्र कोडची ती एक ओळ दिसली पाहिजे. एक्सअॅरेचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते आकड्यांबरोबर त्यांची ओळखही जपते: हा अक्ष काळाचा, हा अक्षांशाचा, हे आकडे केल्व्हिनमध्ये. युरोपच्या ईआरए-५ या हवामानाच्या माहितीसंचात १९४० पासून प्रत्येक तासाची, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवरची माहिती आहे. एवढ्या पसाऱ्यात कोणता अक्ष कशाचा हे माणसाच्या आठवणीवर सोडणे धोक्याचे असते.

आता खर्चाविषयी. परवान्याचे पैसे वाचतात, परंतु काम फुकट होत नाही. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, जुन्या माहितीचे स्थलांतर, अडचण आल्यावर मदत करणारी माणसे, यांसाठी तरतूद करावीच लागते. ती न करता केवळ सॉफ्टवेअर उतरवून घेणारी कार्यालये थोड्याच काळात निराश होतात, आणि दोष मात्र साधनाला दिला जातो. दुसरा खर्च नजरेआड राहतो. ज्या जीडॅलवर सरकारे, विद्यापीठे आणि मोठमोठ्या कंपन्या विसंबून आहेत, त्याची देखभाल दीर्घकाळ अगदी मोजक्या माणसांच्या खांद्यावर होती. २०२१ मध्ये त्यासाठी नियमित प्रायोजकत्वाची योजना सुरू झाली, तेव्हा कुठे ही चिंता थोडी कमी झाली. परवान्यांवरून वाचलेल्या रकमेचा काही भाग या देखभालीकडे वळवणे हे दान नव्हे. ज्या पुलावरून रोज जायचे त्याची ती डागडुजी आहे.

शेवटचा मुद्दा आवृत्तीचा, आणि तो मुक्त सॉफ्टवेअरलाही चुकत नाही. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अक्षांश-रेखांश संदर्भाच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो, तर संगणकातल्या बहुतेक जुन्या सवयींत रेखांश आधी लिहिला जातो. जीडॅलने २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून अधिकृत क्रम पाळायला सुरुवात केली. ज्यांनी जुन्या सवयीने कोड लिहिला होता आणि हा बदल वाचला नव्हता, त्यांचे बिंदू दुसऱ्याच ठिकाणी जाऊन पडले. बदल योग्य होता आणि आधी जाहीर केलेला होता, तरीही २०१८ मध्ये चालवलेला कोड २०२० मध्ये तेच उत्तर देईलच असे राहिले नाही. म्हणून नकाशा प्रसिद्ध करताना त्याच्याबरोबर मूळ माहितीचा स्रोत आणि तारीख, वापरलेला संदर्भ, चालवलेला कोड आणि प्रत्येक साधनाच्या आवृत्तीचा क्रमांक जोडावा लागतो. जुन्या आवृत्त्या सार्वजनिक संग्रहांत जपलेल्या असतात. क्रमांक लिहून ठेवला असेल, तर पंधरा वर्षांनी पूररेषेवर आक्षेप घेणाऱ्यासमोर तीच आवृत्ती उतरवून, तीच माहिती घालून, तीच रेघ पुन्हा काढून दाखवता येते.